ट्यूनिसचे नऊ एकर

ट्यूनिस गेला तो ऐन सफरचंदांच्या दिवसांत. शिडीवरून उतरला, टोपली खाली ठेवली, झाडाला पाठ टेकून बसला आणि पुन्हा उठलाच नाही. फेमी त्याची एकुलती एक मुलगी. तिने आणि तिच्या नवऱ्याने, योस्टने, त्याला बागेच्याच वरच्या कोपऱ्यात पुरलं. योस्ट एका गिरणीवाल्याचा गुलाम होता, शनिवार-रविवार तेवढा घरी यायचा, आणि मालकाने त्याला एकाच दिवसाची सुट्टी दिली होती. म्हणून थडग्याभोवती दगड रचायचं काम फेमीने दुसऱ्या दिवशी एकटीने उरकलं.

न्यूयॉर्क राज्यातली ही जमीन नऊ एकर होती. अर्ध्यात बाग, अर्ध्यात मका, खाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला एका खोलीचं घर. ट्यूनिस चाळीस वर्षं बारेंट फान वॉर्टच्या शेतावर गुलाम म्हणून राबला. बारेंट मरताना त्याला मृत्युपत्रात मोकळं करून गेला. त्यानंतर बर्चच्या फांद्यांचे झाडू बांधून आणि वसंतात हडसन नदीत जाळी टाकून मासे विकून त्याने बारा वर्षांत हे नऊ एकर उभे केले. पण त्याच्याही आधी, मोकळा झाल्यावर पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे फेमीला पैसे मोजून सोडवून आणलं. फेमी आणि तिची आई जूडी, दोघी दुसऱ्या एका मालकाकडे होत्या. जूडीला आणायला तो पोचायच्या आतच ती तापाने गेली होती.

मृत्युपत्र ट्यूनिसने केलं नव्हतं. करायचं कशाला, असं त्याला वाटलं असणार. वारस म्हणून होती ती एक पोरगी, आणि ती तर डोळ्यांसमोरच होती.

तीन आठवड्यांनी कॉर्नेलिस फान वॉर्ट आला. बारेंटचा मुलगा हा, आता चाळिशीचा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. त्याचं शेत ओढ्याच्या पलीकडे होतं. तो घोड्यावरून उतरला नाही.

"फेमी, बाप गेला तुझा. वाईट झालं."

"वाईट वाटलं असेल तर खाली उतरून बोला की. मान दुखते माझी."

कॉर्नेलिसने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "तुला आधीच सांगून ठेवतो, मागाहून बोल नको. ट्यूनिसला कायदेशीर वारस नाही. जमीन सरकारजमा होणार आणि सरकारकडून ती मी घेणार. तसा अर्ज केलाय मी. हिवाळ्यात काही तुला बाहेर काढत नाही. एप्रिलपर्यंत राहा."

"वारस नाही म्हणजे? मी काय मेलेय?"

"तू त्याची मुलगी आहेस हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण कायद्याला ठाऊक नाही. तुझे आईबाप गुलाम होते. गुलामांचं कसलं लग्न? गुलामाचं मूल आईचं असतं, बापाचं नसतं. तुझा कागद काढून बघ."

तो गेल्यावर फेमीने पेटीतून आपल्या मुक्ततेचा कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत काय आहे हे पाठ होतं. 'जूडी नावाच्या गुलाम स्त्रीची मुलगी फेमी.' बापाचं नाव कुठेच नव्हतं. ज्याने तिला सोडवून आणलं, त्याचं नाव फक्त विकत घेणाऱ्याच्या जागी होतं. एखादं वासरू आणणाऱ्याचं असावं तसं.

तिने कागद घडी घालून ठेवला, धाकट्या पोराला पाठीशी बांधलं, थोरल्या दोघांना चुलीकडे बघायला सांगितलं आणि कोर्ट होतं त्या किंग्स्टनची वाट धरली.

वारसांचे निवाडे करणारा न्यायाधीश त्या दिवशी भेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारकून म्हणाला, "बाई, रोज कशाला येतेस? तुझं काम होण्यातलं नाही."

"मी काम करून घ्यायला आलेय, भविष्य ऐकायला नाही," फेमी म्हणाली आणि बाकावर बसली.

तिसऱ्या दिवशी न्यायाधीशाने आत बोलावलं. म्हातारा डच माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेजारी सांगतो तो जुना कायदा झाला. आठ वर्षांपूर्वी नवीन झालाय. गुलामांचं पूर्वी झालेलं लग्नही लग्नच धरायचं, आणि त्यांची मुलं कायदेशीर."

फेमी लगेच उठायला लागली.

"पण लग्न झालं होतं हे दाखवावं लागेल. चर्चच्या वहीत नोंद आहे?"

"त्या वहीत आमची नोंद कोण करणार, साहेब?"

"ते एका छपराखाली राहिले?"

"एक दिवसही नाही. दोन मालक होते ना. बाबा शनिवारी संध्याकाळी जायचा आणि सोमवारी पहाटे परत यायचा."

न्यायाधीशाने चष्मा काढून पुसला. "मग साक्षीदार आण. पाद्री नसला तरी चालेल. पण दोघांनी चारचौघांसमोर 'आम्ही नवराबायको झालो' असं तोंडाने म्हटलं असलं पाहिजे, आणि ते ऐकणारं माणूस माझ्यासमोर उभं राहिलं पाहिजे. आणखी एक. साक्षीदार मोकळा माणूस हवा. गुलामाची साक्ष मला घेता येत नाही. मार्चच्या दुसऱ्या बुधवारी सुनावणी ठेवतो."

ट्यूनिसने लग्नाची गोष्ट शंभर वेळा सांगितली होती. पिंक्स्टरचा सोमवार होता, वसंतातल्या त्या सणाला सगळ्या काळ्या लोकांना सुट्टी असायची. जूडीच्या मालकाच्या कोठारात लग्न लागलं. दोन्ही शेतांवरचा वडीलधारा गुलाम सॅन्डर, त्याने लावलं. फेमी झाडू बांधता बांधता एकेक नाव आठवू लागली. सॅन्डर कधीच मेला. फिडल वाजवणाऱ्याला दक्षिणेत विकलं. दोन्ही मालक जमिनीखाली गेले. जूडीच्या मालकाचा मुलगा हेंड्रिक तेव्हा पाळण्यात होता. जानेवारी संपेपर्यंत एकच नाव उरलं, ते म्हणजे ट्राइन. स्वयंपाकघरात जूडीबरोबर राबलेली, फेमीला अंगाखांद्यावर खेळवलेली ट्राइनमावशी. ती जिवंत होती. हेंड्रिकने नदीपलीकडे शेत घेतलं तेव्हा तिलाही तिकडे नेलं होतं.

आणि ती अजून गुलाम होती.

फेब्रुवारीत हडसन काठापासून काठापर्यंत गोठलेली होती. लोकांनी बर्फात पाइनच्या फांद्या रोवून वाट दाखवून ठेवली होती. त्या फांद्यांच्या मागोमाग फेमी चालत पलीकडे गेली आणि दुपारी हेंड्रिकच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चुलीशी एक म्हातारी वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोण ते? दार लाव आधी. सगळा वारा घेऊन आलीस बरोबर."

"मावशी, मी फेमी. जूडीची."

शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. "जूडीची फेमी! ये, उजेडात ये बघू. अगं बाई, नाक तर बापाचंच उचललंस."

"तेच तुला कोर्टात सांगायचंय," फेमी म्हणाली, आणि पाय शेकता शेकता तिने सगळी हकीकत सांगितली.

ट्राइनने सांडलेल्या शेंगा एकेक करून वेचल्या. मग म्हणाली, "म्हणजे तुला मी नकोय. माझी जीभ हवीय."

फेमीला खोटं बोलता आलं असतं. तिने तो मोह गिळला. "जिभेसाठीच आलेय, मावशी. इतकी वर्षं नदीपलीकडे होतीस आणि मी एकदाही आले नाही, ते काय तुला दिसत नाही? पण जिभेबरोबर पोट येतं आणि दुखणारे गुडघेही येतात, ते मला ठाऊक आहे. मी सगळीच्या सगळी तुला न्यायला आलेय. तुझी तयारी असेल तर."

"हेंड्रिकला विचारलंस?"

"त्याला नंतर. आधी तुला विचारतेय."

ट्राइनने चुलीकडे तोंड फिरवलं. "मला आधी विचारलेलं," ती सावकाश म्हणाली, "मला तरी आठवत नाही. बोलाव त्याला."

हेंड्रिक गोठ्यातून आला. फेमी त्याच्या बापाच्या जुन्या घरात जन्मली होती, अठरा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली होती. ती त्याला 'मालक' म्हणाली नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. पण तिचं मागणं ऐकल्यावर त्याचा चेहरा पालटला.

"ट्राइनला मोकळं करायचं? तसं आम्ही तिला घरचंच समजतो हो..."

"समजतोस ना? मग मोकळं करायचं नाव काढल्याबरोबर एवढा खुललास कसा रे?" ट्राइन म्हणाली. हेंड्रिकला तिने मांडीवर वाढवलं होतं, त्याला अहोजाहो तिने कधी केलं नव्हतं. "हात चालत होते तेव्हा नाही सुचलं तुला. आता खाणारं तोंड तेवढं उरलं, तर कशी घाई झाली!"

हेंड्रिक मुद्द्यावर आला. अडचण दुसरीच होती. म्हातारा गुलाम असा सहज सोडता येत नसे. तो उद्या भीक मागू लागला तर खर्च गावावर पडतो, म्हणून मालकाने हमी लिहून द्यायची असा नियम होता. "उद्या गाव माझ्या मानगुटीवर बसलं तर?"

"तुम्ही गावाला हमी द्या, मी तुम्हाला देते," फेमी म्हणाली. "लिहा, ट्राइन मरेपर्यंत फेमीच्या घरी खाईल, फेमीच्या घरी झोपेल. खटला जिंकला तरी आणि हरला तरी."

"हरलीस तर कसलं घर?"

"मी जिथे राहीन ते. तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आम्ही तिघी, आई, मावशी आणि मी, एका घोंगडीत झोपत होतो. छप्पर कुठे कुठे गळायचं ते तुम्हाला ठाऊक नसेल. त्याहून वाईट काय मिळणार आहे?"

हेंड्रिक कागद शोधायला गेला, तर ट्राइनने त्याला हाक मारून थांबवलं. "आणि पिसांची गादी माझी. हंस मी पाळले, पिसं मी उपटली, खोळ मी शिवली. झोपते त्यावर तुझी बायको. गादीशिवाय मी इथून हलायची नाही, मग बसा तुमचे कागद घेऊन."

हेंड्रिकची बायको बाहेर येऊन काहीतरी पुटपुटली. पण नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की गादी त्याच दिवशी खाली आली.

गावच्या अधिकाऱ्यांच्या सह्या होईपर्यंत मार्च उजाडला. शुक्रवारी कागद झाला, रविवारी योस्टला सुट्टी होती. फेमी आणि योस्ट लाकडाची घसरगाडी घेऊन नदी ओलांडून गेले आणि परत निघाले तेव्हा गाडीवर गादी, गादीवर ट्राइन आणि तिच्या अंगावर तीन घोंगड्या होत्या. ऊन चढलं होतं. बर्फावर पाणी साचलं होतं आणि खालून कण्हल्यासारखा आवाज येत होता. निम्म्या वाटेवर योस्ट थांबला.

"वजन फार होतंय. मावशी, गादी टाकू या."

"आधी मला टाक, मग गादी."

"ऐकत नाही ही," योस्ट हताशपणे बायकोला म्हणाला.

"ऐकणारी असती तर साक्षीला कशाला नेली असती?" फेमीने बर्फ पायाने दाबून पाहिला. मग कमरेचा दोर सोडला, शालीच्या चिंध्या करून तो लांबवला आणि योस्टला तीस पावलं पुढे पाठवलं. ती मागे राहिली. तिघांचं वजन असं फाकलं, आणि गाडी एकेक हात पुढे सरकत राहिली. ट्राइन देवाचं नाव घेत होती आणि मधूनच योस्टला 'सरळ ओढ रे' म्हणून खडसावत होती. काठावर पोचल्यावर फेमी बर्फातच बसली आणि दोराच्या गाठी सोडू लागली. तीन दिवसांनी, सुनावणीच्या सकाळी, नदी फुटली.

कोर्टात गर्दी जमली होती. कॉर्नेलिसने राजधानी ऑल्बनीहून वकील आणला होता. तरणाबांड, उत्तम कोट घातलेला, पण डचचा एक शब्द न कळणारा. जन्म डच मालकांच्या घरात गेलेल्या ट्राइनला डचशिवाय काही येत नव्हतं. दोघांच्या मध्ये न्यायाधीश स्वतःच भाषांतर करत बसला.

"ही बाई मोकळी कधी झाली?" वकिलाने विचारलं.

"गेल्या शुक्रवारी," ट्राइन म्हणाली. लोक हसले.

"म्हणजे या खटल्यासाठीच हिला सोडवून आणलंय!"

"हो तर. नाहीतर कोण सोडवणार होतं? पण पाहिलं ते गुलाम असताना पाहिलं. डोळे तेव्हाही माझेच होते."

मग तिने सांगितलं. सोमवारची दुपार होती. सॅन्डर मधे उभा, एका बाजूला ट्यूनिस, एका बाजूला जूडी. दोन्ही मालक कोठाराच्या दाराशी, हातात सफरचंदाच्या दारूचे पेले. "ट्यूनिस म्हणाला, मी जूडीला बायको करून घेतो, आजपासून मरेपर्यंत. जूडी म्हणाली, मी ट्यूनिसला नवरा करून घेते, आजपासून मरेपर्यंत, आणि शनिवारी उशिरा आलास तर जेवण नाही. आम्ही सगळे हसलो. मग बारेंट फान वॉर्ट म्हणाला, उशीर होणार नाही, दर शनिवारी दिवस असतानाच सोडीन याला. आणि सोडायचा तो. माणूस शब्दाचा होता."

फेमी बाकाची कड घट्ट धरून बसली होती. आईचा विनोद तिला नवीन होता. बापाने तो कधी सांगितला नव्हता.

वकील उठला. "चौतीस वर्षं झाली. शब्दन् शब्द कसा आठवतो या बाईला? तिथे हजर असलेलं दुसरं एक तरी माणूस दाखवा."

न्यायाधीशाने ते डचमध्ये सांगितलं. ट्राइनने मान वळवली आणि सरळ कॉर्नेलिसकडे बोट दाखवलं.

"हा काय बसलाय. सहा वर्षांचा होता. बापाचं बोट धरून आला होता. मी तळलेले गोड गोळे याने इतके खाल्ले, इतके खाल्ले, की माझ्या नव्या ॲप्रनवर भडाभडा ओकला. विचारा त्याला."

कोर्टात एकच हशा उसळला. वकिलाला काहीच कळेना. तो याच्या त्याच्या तोंडाकडे पाहू लागला. कॉर्नेलिसचे कान लालबुंद झाले होते.

न्यायाधीशाने हात वर करून लोकांना गप्प केलं. "मिस्टर फान वॉर्ट, तुम्ही बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण बोलायचं असेल तर मी ऐकतोय."

कॉर्नेलिस हातातली टोपी फिरवत राहिला. वकिलाने त्याची बाही ओढली. फेमी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. ती काही मागत नव्हती, पण नजरही हटवत नव्हती.

"शब्द नाही आठवत," तो शेवटी म्हणाला. "उलटी आठवते. ट्राइनने ओढ्यावर नेऊन माझं तोंड धुतलं होतं."

"आणि प्रसंग कुठला होता?"

कॉर्नेलिसने बाही सोडवून घेतली.

"लग्न," कॉर्नेलिस म्हणाला. "ट्यूनिसचं. बाबा म्हणाले होते, चल, आपल्या ट्यूनिसचं लग्न आहे."

न्यायाधीशाने लेखणी उचलली. लिहून झाल्यावर त्याने इंग्रजीत वाचलं. फेमी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या भाषेत सांगा, साहेब." त्याने डचमध्ये सांगितलं, ट्यूनिस आणि त्याची पत्नी जूडी यांची कायदेशीर मुलगी फेमी हीच त्याची वारस.

"पुन्हा एकदा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं.

बाहेर पायरीवर कॉर्नेलिसने तिला गाठलं. "कुंपण मी माझ्या हद्दीला लागून घालणार. आधीच सांगतो."

"घाला की. आमची सफरचंदं तुमच्या बाजूला पडली तर तेवढी इकडे टाका," फेमी म्हणाली. मग जरा थांबून, "खरं बोललात. बाबाला बरं वाटलं असतं."

तो टोपी घालून निघून गेला. पुढे वर्षानुवर्षं दोघांच्या गुरांवरून कुरबुरी होत राहिल्या, पण हद्दीचा दगड त्याने कधी हलवला नाही.

फेमी एवढ्यावर थांबली नाही. त्याच वसंतात एका रविवारी ती योस्टला घेऊन पाद्र्याकडे गेली. पाद्री गोंधळला. "पण तुमची तीन मुलं आहेत ना? एकमेकांना वचन देऊन दहा वर्षं झाली म्हणता."

"म्हणूनच आलोय. माझ्या मुलांना म्हाताऱ्या बायका शोधत बर्फावरून फिरायला लागू नये. तुमच्या वहीत लिहा. त्याच वहीत, वेगळ्या कागदावर नको."

योस्टच्या मालकाची परवानगी तिने आधीच लिहून घेतली होती. पाद्र्याने लिहिलं. तो वही मिटू लागला तर फेमीने पानावर हात धरला आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली. तिथून ती दोघं गावातल्या एका वकिलाकडे गेली आणि तिने मृत्युपत्र केलं. नऊ एकर तिन्ही मुलांना सारखे, आणि योस्टला त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क. वकील म्हणाला, तू अजून तरुण आहेस. ती म्हणाली, बाबा पण सकाळी शिडीवर चढताना धडधाकटच होता.

ट्राइन आणखी सहा वर्षं जगली. मक्याच्या घाट्यात मीठ कमी आहे म्हणून रोज कुरकुरायची, आणि वाटी चाटूनपुसून साफ करायची. पोरांना तिने आजोबा-आजीच्या लग्नाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की धाकटा झोपेतसुद्धा जूडीचं वाक्य म्हणू लागला. तिला ट्यूनिसशेजारी पुरलं. गादी फेमीच्या मुलीकडे गेली.

योस्ट मात्र अठराशे सत्तावीस सालच्या जुलैपर्यंत गिरणीवरच होता. त्या महिन्यात न्यूयॉर्क राज्यातले उरलेसुरले सगळे गुलाम मोकळे झाले. तो एका सकाळी खांद्यावर बोचकं टाकून आला. त्या दिवशी शनिवार नव्हता, रविवारही नव्हता, म्हणून कुंपणाशी येऊन जरा घुटमळला. फेमी मक्यात खुरपत होती. तिने कपाळावर हात धरून पाहिलं.

"उभा काय राहिलास? बोचकं आत ठेव आणि दुसरं खुरपं घेऊन ये. ओढ्याकडची बाजू सगळी राहिलीय."